गेमच्या फाइलवर अँटीव्हायरसची ओरड : खरी किती, खोटी किती?

बिले, जीएसटीचा हिशेब आणि उधारीची खाती आता अनेक दुकानांत संगणकावर असतात. रात्री त्याच संगणकावर घरची मुले गेम खेळतात आणि एके दिवशी पडद्यावर सूचना येते की गेमच्या फाइलमध्ये धोका आढळला. मुलगा म्हणतो, गेम चांगला आहे, अँटीव्हायरसच खोटे बोलतो. काही वेळा मुलाचे म्हणणे बरोबर असते. काही वेळा मात्र त्यावर विसंबल्याने वर्षभराचा हिशेब जातो. म्हणून ही ओरड का उठते, हे व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेतलेले बरे.

अँटीव्हायरस दोन रीतींनी पहारा देतो. ज्ञात व्हायरसच्या खुणांची यादी त्याच्याजवळ असते, तिच्याशी तो प्रत्येक फाइल ताडून पाहतो. शिवाय नव्या, अनोळखी फाइलची चालचलणूक पाहूनही संशय घेतो. खोटी ओरड बहुधा या दुसऱ्या रीतीत होते.

गेमच्या फाइलींची चाल मुळातच संशयास्पद असते. आकार कमी व्हावा म्हणून 'यूपीएक्स'सारख्या साधनाने त्या दाबून बांधतात. व्हायरस लिहिणारेही आपला माल लपवण्यासाठी हेच साधन वापरतात. नक्कल होऊ नये म्हणून काही कंपन्या आतला मजकूर मुद्दाम गुंतागुंतीचा करतात. गेममध्ये फुकटचे पैसे किंवा जीव मिळवून देणारा 'ट्रेनर' तर चालू गेमच्या मेमरीत हात घालून आकडे बदलतो. दुसऱ्या प्रोग्रॅमच्या मेमरीत शिरणे हे व्हायरसचेही काम, मग पहारेकऱ्याने ओळखावे कसे? लहान निर्मात्यांच्या फाइलीवर बहुधा डिजिटल सहीही नसते, कारण तिच्या प्रमाणपत्राला पैसे मोजावे लागतात. सही नाही, वापरणारे थोडे, म्हणून विंडोजही अडवते.

खुणांची यादीही चुकू शकते. मार्च 2006 मध्ये मॅकअ‍ॅफीच्या एका सदोष यादीने चक्क एक्सेलची फाइल व्हायरस ठरवली होती. 21 एप्रिल 2010 रोजी त्याच कंपनीच्या यादीने विंडोज एक्सपीची एक आवश्यक फाइल उचलली आणि असंख्य संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिले. तेव्हा ओरड झाली की लगेच 'डिलीट' दाबू नये. फाइल 'क्वारंटाइन'मध्ये ठेवावी. तिथे ती चालत नाही, पण निर्दोष ठरली तर परत मिळते. अँटीव्हायरसची यादी ताजी करून पुन्हा तपासावे. कंपनीची चूक असेल तर पुढच्या यादीत ती बहुधा दुरुस्त होते.

'व्हायरसटोटल' या संकेतस्थळावर एकच फाइल साठ-सत्तर अँटीव्हायरसकडून तपासून मिळते. दोघा-तिघांनीच आणि तेही मोघम नावाने बोट दाखवले, तर ओरड खोटी असण्याचा संभव जास्त. अनेकांनी एकाच नावाने ओळखले तर संशयाला जागा उरत नाही. तिथे दिलेली फाइल इतरांच्याही पाहण्यात येऊ शकते. त्यामुळे हिशेबाची किंवा गिऱ्हाइकांची फाइल तिथे कधीही देऊ नये.

हे सारे रीतसर घेतलेल्या गेमपुरते झाले. फुकट मिळणाऱ्या 'क्रॅक' गेमची गोष्ट निराळी. तिथे गेमची मूळ फाइल कोणीतरी फोडलेली असते, त्यामुळे ओरड खोटी की खरी हे सांगायला निर्माता बांधील नसतो. असा गेम देणारा वर सल्लाही देतो, "आधी अँटीव्हायरस बंद करा". 2021 मध्ये अवास्ट कंपनीने उघडकीस आणलेला 'क्रॅकोनॉश' नेमका अशाच गेममधून पसरला होता. दोन लाखांहून अधिक संगणकांत शिरून तो अँटीव्हायरस काढून टाकी आणि मालकाच्या विजेवर दुसऱ्यासाठी 'मोनेरो' हे आभासी चलन कमावी.

तपासाअंती गेम निर्दोष ठरला तर सवलत त्या एका फाइलला द्यावी, सबंध डिस्कला नव्हे. मुलांसाठी संगणकावर वेगळे खाते उघडावे, त्याला 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'चे अधिकार देऊ नयेत. हिशेबाची प्रत रोज वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि काम झाले की ती डिस्क संगणकापासून काढून गल्ल्यात ठेवावी. जोडलेली राहिली तर व्हायरस तिच्यावरही जातो.