संशोधनाला लागणारी कीड

आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत निबंधात लिहिले आहे. विज्ञानाने अंधश्रद्धेवर घाव घातला, रोगराई हटविली, अंतर कमी केले, हे सर्व खरेच आहे. तथागत बुद्धांचा धम्म मानणाऱ्या आपल्या समाजाला तर विज्ञान जवळचे वाटते, कारण पाहा, तपासा आणि मगच स्वीकारा, ही शिकवण दोहोंकडे सारखी आहे. परंतु विज्ञानाच्या नावाने जे जे आपल्यासमोर येते ते सर्व विज्ञानच असते काय, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. तो विचारावा म्हणून हा लेखनप्रपंच.

दरवर्षी मृग लागण्यापूर्वी बोदवडच्या बाजारात बियाण्यांच्या दुकानांवर गर्दी उसळते. कपाशीच्या पाकिटावर टपोऱ्या बोंडांचे चित्र आणि 'संशोधित वाण' हे दोन शब्द असतात. आमच्या परिसरातील कोरडवाहू शेतकरी त्या दोन शब्दांवर विसंबून पीककर्ज काढतो. बँकेच्या काउंटरवर असे अर्ज आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. त्या शब्दांमागचे संशोधन कुणी केले, कुणाच्या पैशाने केले व कुणी तपासले, हे अर्जदाराला ठाऊक नसते आणि खरे सांगायचे तर कर्ज देणाऱ्यालाही नसते.

चार अगती

राजगृहातील सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला उपदेश करताना भगवंतांनी माणूस ज्या चार कारणांनी वाकड्या वाटेला जातो ती सांगितली आहेत. त्यांना अगती म्हणतात. छंद म्हणजे हव्यास, द्वेष, मोह आणि भय. उपदेश गृहस्थाला केलेला असला तरी शास्त्रज्ञ हाही माणूसच आहे. प्रयोगशाळेचा पांढरा कोट अंगावर चढविल्याने या चार अगती सुटत नाहीत. पैसा हव्यासाच्या वाटेने येतो आणि सत्ता भयाच्या वाटेने. जगाच्या इतिहासातील दोन उदाहरणे थोडक्यात पाहू.

सोव्हिएत रशियात ट्रोफिम लायसेन्को नावाचा कृषितज्ज्ञ होऊन गेला. आनुवंशिकतेचे शास्त्र त्याला मान्य नव्हते, पण स्टॅलिनची मर्जी त्याच्यावर होती. निकोलाय वाविलोव्ह या थोर शास्त्रज्ञाने जगभर हिंडून पिकांच्या बियाण्यांचा प्रचंड संग्रह केला होता. त्याला १९४० साली अटक झाली आणि १९४३ साली साराटोव्हच्या तुरुंगात त्याचा अंत झाला. १९४८ मध्ये तर आनुवंशिकतेच्या शास्त्रावरच तेथे बंदी आली. शेतात काय उगवते हे पाहण्याऐवजी वरिष्ठांना काय आवडते हे पाहिले गेले. ही भयाची अगती होय.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे. धूम्रपानाने फुप्फुसाचा कर्करोग होतो हे दाखविणारे महत्त्वाचे अभ्यास १९५० साली प्रसिद्ध झाले. त्यावर सिगारेट कंपन्यांनी जानेवारी १९५४ मध्ये चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत निवेदन छापून, आपण स्वतःच संशोधन समिती नेमून सत्य शोधू, असे जाहीर केले. प्रत्यक्षात शंका जिवंत ठेवणे हेच त्या समितीचे काम झाले. अजून पुरावा पुरेसा नाही, हे एकच पालुपद पुढे कित्येक वर्षे चालले. पुढे खटल्यांमुळे कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आली, तेव्हा त्यांना धोका फार पूर्वीपासून माहीत होता हे जगाला कळले. ही हव्यासाची अगती. येथे खोटे संशोधन करण्याचीही गरज पडली नाही. खऱ्या संशोधनावर धूळ उडविली की पुरे झाले.

आपली कपाशी

आता आपल्या शेताकडे वळू. मातीत आढळणाऱ्या एका जिवाणूतील जनुक कपाशीत घातले की झाडातच बोंडअळीला मारक असे प्रथिन तयार होते. ही बीटी कपाशी. केंद्र सरकारच्या समितीने मार्च २००२ मध्ये महिको या जालन्याच्या कंपनीच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. जनुकाचे तंत्र मोन्सॅन्टो या अमेरिकन कंपनीचे होते. पहिली काही वर्षे फवारण्या कमी झाल्या, हे आमच्या भागातील शेतकरीही सांगतात आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण बियाणे संकरित असल्याने घरचे बी पेरता येत नव्हते. दरवर्षी नवे पाकीट घ्यावे लागे आणि त्याच्या किमतीत तंत्राचे शुल्क असे.

म्हणून नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठासह स्वदेशी बीटी वाण आणला, तेव्हा अनेकांना आनंद झाला. त्याचे नाव बिकानेरी नरमा बीटी. तो सरळ वाण होता, म्हणजे शेतकऱ्याला बी राखून पुढल्या वर्षी पेरता येणार होते. किंमतही कंपनीच्या पाकिटाच्या मानाने फार कमी होती. २००८ साली मान्यता मिळून २००९ च्या खरिपात तो शेतात आला. पण लवकरच त्याचे वितरण थांबवावे लागले. पुढे माहितीच्या अधिकाराखाली कागद बाहेर येऊ लागले. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्रा. सुधीर सोपोरी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०१२ सालच्या तिच्या अहवालाने स्पष्ट केले की, स्वदेशी म्हणून दिलेल्या या बियाण्यात मोन्सॅन्टोचेच जनुक सापडले.

येथे कुणी पैसे खाल्ले, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणण्यास आमच्यापाशी आधार नाही. परंतु जी तपासणी बियाणे शेतात जाण्यापूर्वी व्हायला हवी होती, ती शेतात गेल्यावर झाली. सरकारी संस्था म्हटली की ती निःस्वार्थ, असे आपण धरून चालतो. पण श्रेयाचाही हव्यास असतो आणि देशाभिमानाचाही मोह होतो. आणि नुकसान कुणाचे झाले? स्वस्त आणि राखून ठेवता येईल अशा बियाण्याची वाट पाहणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याचे. त्याचा तो पर्याय त्या वेळी बुडाला.

कंपनीच्या बाजूला काय चालले होते तेही पाहू. यवतमाळ जिल्ह्यातील भांबराजा व अंतरगाव या दोन गावांत बीटी कपाशीमुळे भरभराट झाली आणि आत्महत्या नाहीत, असा पानभर मजकूर एका बड्या इंग्रजी दैनिकात २००८ साली आला. तोच मजकूर २०११ मध्ये जाहिरात म्हणून पुन्हा छापला गेला. २०१२ च्या मार्चमध्ये संसदेची कृषीविषयक स्थायी समिती भांबराजाला गेली, तेव्हा गावकऱ्यांनी वेगळीच कहाणी सांगितली. त्याच वर्षी ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी हा सर्व प्रकार उघडकीस आणला. बातमी कोणती आणि जाहिरात कोणती हे ज्या वाचकाला कळत नाही, त्याला संशोधन कोणते आणि विक्री कोणती हे कसे कळावे?

शेवटी निसर्गाने आपला निकाल दिला. गुजरातच्या काही जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला दाद देत नाही, हे खुद्द मोन्सॅन्टोने २०१० साली मान्य केले. पुढे दोन जनुकांच्या वाणालाही ती सरावली आणि २०१७ साली महाराष्ट्रातील कपाशीचे अतोनात नुकसान झाले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. यात आपलीही चूक आहे. पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बी बांधावर लावण्यासाठी मिळे, ते बहुतेकांनी लावले नाही. पण ते का लावायचे हे समजावून सांगणारा किती गावांत पोहोचला होता? पाकीट विकणारा मात्र प्रत्येक गावात पोहोचला होता.

भरिताचे वांगे

आपल्या जळगाव जिल्ह्याची भरिताची वांगी सर्वदूर प्रसिद्ध आहेत. त्या वांग्यातही बीटी जनुक आणण्याचा प्रयत्न झाला. ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या समितीने महिकोच्या बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखविला. तत्कालीन पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी निर्णय लगेच न घेता नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती दिली. सुरक्षिततेच्या चाचण्या प्रामुख्याने उत्पादक कंपनीनेच केलेल्या आहेत, स्वतंत्र चाचण्या पुरेशा नाहीत, हा त्यांचा एक महत्त्वाचा मुद्दा होता.

त्यानंतर देशातील सहा विज्ञान अकादमींकडून मत मागविले गेले. सप्टेंबर २०१० मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्यातील काही भाग बीटीचा पुरस्कार करणाऱ्या एका लेखातून जसाच्या तसा उतरविलेला निघाला! तो लेख बीटी वांग्याच्या कामाशी संबंधित असलेल्या शास्त्रज्ञाचा होता. दहावीचा विद्यार्थी कॉपी करताना सापडला तर त्याला वर्गाबाहेर काढतात. येथे देशातील सर्वोच्च विद्वानांची ही तऱ्हा. अहवाल पुन्हा लिहावा लागला.

मात्र याचा अर्थ बीटी वांगे विषारीच आहे, असा कुणी करू नये. शेजारच्या बांगलादेशात २०१४ पासून ते शेतकऱ्यांना देण्यात आले. विरोधकांचे संशोधनही कसोटीला लावावेच लागते. जनुकीय मका खाल्ल्याने उंदरांना गाठी होतात, असा दावा करणारा फ्रान्समधील एक निबंध २०१२ साली खूप गाजला. पण थोड्या उंदरांवरून एवढा मोठा निष्कर्ष निघत नाही, म्हणून पुढल्याच वर्षी त्या नियतकालिकाने तो मागे घेतला. पुढे तो दुसरीकडे छापला गेला, पण मूळ आक्षेप कायम राहिले. कंपनीविषयीच्या द्वेषापोटी कच्चा पुरावा पक्का मानणे, हीही अगतीच आहे.

दुसरी सही

मग सामान्य माणसाने करावे तरी काय? आम्ही कला शाखेचे पदवीधर. जनुकाची तपासणी आम्हांस करता येत नाही. पण बँकेतील एक साधा नियम आम्हांस ठाऊक आहे. जो कारकून व्हाऊचर तयार करतो, त्याला ते पास करता येत नाही. दुसरी सही लागते. शिवाय वर्षाला ऑडिट होते. याचा अर्थ प्रत्येक कारकून चोर आहे असा नव्हे. माणूस अगतीला जाऊ शकतो हे गृहीत धरून केलेली ती व्यवस्था आहे. संशोधनातही हीच दुसरी सही हवी. म्हणून कोणताही शास्त्रीय दावा कानी आला की चार प्रश्न विचारावेत. यासाठी पैसा कुणी दिला? ज्याचा लाभ आहे त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणी तपासले काय? नोंदी सर्वांना पाहता येतात काय? आणि उद्या हे चुकीचे ठरले तर भोगावे कुणाला लागणार?

यातील चौथा प्रश्न आपल्या समाजासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. चुकीचा अहवाल लिहिणाऱ्याची बहुधा बदली होते. पण चुकीचे बियाणे पेरणाऱ्याचे वर्ष जाते, आणि पाठीवर पंप घेऊन फवारणाऱ्या मजुराचा जीव जातो. तो मजूर आणि कापूस वेचणारी ती बाई पुष्कळदा आपल्याच वस्तीतील असते.

विद्यार्थी मित्रांनो, या सर्व हकिगती वाचून विज्ञानाकडे पाठ फिरवू नका. नागपूरच्या बियाण्यातील दोष वैज्ञानिक तपासणीनेच उघड झाला, अळी सरावली हेही शास्त्रज्ञांनीच दाखविले. विज्ञानाची चूक विज्ञानानेच दुरुस्त होते, मात्र ती करणारा निर्भय हवा. परमपूज्य बाबासाहेबांनी प्रज्ञेच्या जोडीला शील आणि करुणा सांगितली. शीलाशिवाय विद्या घातक ठरते, असे ते बजावीत. आपल्यातील कुणी उद्या कृषी विद्यापीठात जाईल, कुणी औषधाच्या प्रयोगशाळेत, कुणी सरकारी समितीवर. तेथे एखादा कागद पुढे येईल आणि सही लवकर करा, असे वरून सांगण्यात येईल. त्या क्षणी केवळ पदवी कामास येणार नाही, शील कामास येईल. पाठीवर पंप घेतलेला आपला माणूस त्या वेळी डोळ्यांसमोर आणा, आणि कागद पुरता वाचल्याशिवाय सही करू नका.

जय भीम!