जुन्या मोटारीचा नवा अवतार

आपल्या बारामतीस १९९९ पासून पियाजिओ कंपनीच्या कारखान्यांत तीनचाकी गाड्या तयार होतात. कारखान्यांतून बाहेर पडलेली गाडी म्हणजे पूर्ण झालेली वस्तु, असें आपण समजतों. परंतु कांहीं कारागीर तिजकडे कच्चा माल म्हणूनच पाहतात.

अमेरिकेंत फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं आपल्या 'टी' नमुन्याच्या मोटारीस मागें उघडी पेटी जोडून 'पिकअप' गाडी विक्रीस आणिली. १९३२ सालीं तिनें स्वस्त मोटारींत आठ सिलिंडरांचें एंजिन बसविलें. पुढें तेथील तरुण अशा जुन्या गाड्यांचे अनावश्यक भाग काढून, छप्पर खालीं घेऊन व एंजिन बदलून त्यांस वेगवान करूं लागले. ह्या गाड्यांस 'हॉट रॉड' म्हणतात.

सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे येथील श्री. दत्तात्रय लोहार यांनीं तर भंगारांतून चारचाकी गाडी घडविली. ती दुचाकीप्रमाणें पाय मारून सुरू होई. ती नियमांत बसत नाहीं, असें सांगूनहि श्री. आनंद महिंद्रा यांनीं त्यांच्या कल्पकतेचा गौरव केला, व २०२२ सालीं तिच्या मोबदल्यांत नवी बोलेरो दिली.

नियम कशासाठीं? वेग दुप्पट झाला कीं गाडीची गतिजन्य शक्ति चौपट होते, आणि ती सर्व ब्रेकांस जिरवावी लागते. म्हणून जाणता कारागीर एंजिनाआधीं सांगाडा, स्टिअरिंग व ब्रेक बळकट करितो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदणीपत्रांतील मूळ तपशिलाशीं विसंगत फेरफार करण्यास मनाई करितें. इंदापूरच्या रस्त्यानें सायकलीवर शाळेस येणाऱ्या मुलाचा जीव त्यावर अवलंबून असतो. गाडी घडवूं इच्छिणाऱ्यानें प्रथम ती थांबविण्याची विद्या शिकावी.