सुईने जेट साफ करू नये

पेल्यातील पाण्यात एक स्ट्रॉ उभी धरा आणि तिच्या वरच्या तोंडावरून दुसऱ्या स्ट्रॉने जोरात फुंका. पाणी वर चढून फवारा उडतो. तोंडाशी दाब कमी होतो आणि पेल्यातील पाण्यावरचा हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. 100 सीसीच्या मोटारसायकलचा कार्बोरेटर हेच करतो. दट्ट्या खाली जाताना हवा अरुंद गळ्यातून वेगाने ओढली जाते आणि खालच्या वाटीतले पेट्रोल जेटमधून वर येते. एप्रिल 2020 मध्ये भारत स्टेज-6 नियम आल्यापासून बहुतेक नव्या गाड्यांत त्याची जागा इंधन-इंजेक्शनने घेतली. पण शाळेच्या आवारातल्या कित्येक जुन्या गाड्या अजून त्याच्याच जिवावर चालतात.

जेट म्हणजे बारीक भोकाचा पितळी स्क्रू. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. हे प्रमाण त्या मिलिमीटरहून लहान भोकावर अवलंबून! मी एकदा ते सुईने साफ केले. गाडी चालू झाली, मीही खूश. काही दिवसांत प्लग काजळीने काळा झाला आणि पेट्रोल जास्त लागू लागले. पितळ मऊ असते. भोकाचा व्यास 10 टक्के वाढला तर क्षेत्रफळ 21 टक्के वाढते. (वर्गात द्यायला हे गणित बरे आहे.) जेट पेट्रोलमध्ये भिजवून सायकलच्या पंपाने हवा मारावी आणि उजेडाकडे धरून पाहावे. त्यापूर्वी इंजिन थंड, पेट्रोलचा कॉक बंद, आणि जवळपास विडी-काडी नको.

जुळवणी मात्र गरम इंजिनावर करायची, तीही उघड्यावर; बंद पडवीत विषारी कार्बन मोनॉक्साइड साचतो. आधी इंजिन बंद करून हवेचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत फिरवा, फेरे मोजून लिहून ठेवा आणि तितकेच बाहेर काढा. आता गाडी चालू करून पाव-पाव फेरा फिरवा. इंजिन सर्वांत जलद आणि एकसारखे चालेल तिथे थांबा. हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल, तर बाहेर काढल्यावर मिश्रणात हवा वाढते. इंजिनाच्या बाजूला असेल, तर पेट्रोल. शेवटी रेसच्या स्क्रूने वेग उतरवा. 100 सीसीच्या बऱ्याच गाड्यांत तो मिनिटाला सुमारे 1400 फेरे असतो. आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत पाहावा.

मे महिन्याच्या सुटीत गाडी उभीच राहणार असेल, तर कॉक बंद करून वाटीच्या तळाच्या स्क्रूतून पेट्रोल डब्यात काढून घ्या. ते तिथेच उडून गेले, की मागे राहणारा चिकट थर जेट बुजवतो. शिवाय आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि ते हवेतला ओलावा शोषून घेते.