जंतूंचा कोरम मोडता आला तर?

जमातीची सभा असो की हाउसिंग सोसायटीची, कोरम भरल्याशिवाय ठराव होत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. जंतूंमध्येही अशीच रीत असते असे कोणी म्हणाले तर हसू येईल. पण ती असते, आणि शास्त्रज्ञांनी तिला नावही त्यावरूनच दिले आहे : ‘कोरम सेन्सिंग’.

ही गोष्ट उमगली ती समुद्रातल्या चमकणाऱ्या जंतूंवरून. १९७० साली अमेरिकेत नीलसन आणि हेस्टिंग्ज यांना दिसले की हे जंतू विरळ असताना उजेड पाडत नाहीत, दाटी झाली की एकदम उजळतात. प्रत्येक जंतू एक रसायन बाहेर सोडतो. गर्दी वाढली की ते साचते, आणि ठराविक पातळीला पोचले की सगळे एकदमच कामाला लागतात.

रोगजंतूंचेही तेच. ‘स्यूडोमोनास’ भाजलेल्या कातडीत, शुगरवाल्यांच्या पायाच्या जखमेत, लघवीसाठी बसवलेल्या नळीत मुक्काम करतो. थोडे असताना हे जंतू गप्प असतात. पुरेसे जमले की विषारी द्रव्ये सोडतात आणि भोवती चिकट थराचा कोट उभारतात. मग अँटिबायोटिकही आत नीट पोचत नाही.

मग जंतूंना मारण्याऐवजी त्यांचा निरोपच अडवला तर? मारायला गेले की निबर जंतू तेवढे उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. पेनिसिलिनवाल्या फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात हा धोका सांगितला होता, तोही घरगुती दाखला देऊन : घसा दुखतो म्हणून नवऱ्याने आपल्या मनाने थोडे पेनिसिलिन घेतले, त्याच्यातले निबर जंतू बायकोला लागले आणि ती दगावली. निरोप अडवल्याने जंतू मरत नाही, म्हणून निबर होण्याची निकडही कमी राहते. अजिबात राहत नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरचे एक तांबडे शेवाळ अशाच रसायनाने आपल्या अंगावर जंतूंचा थर बसू देत नाही. ते रसायन माणसासाठी विषारी ठरले. प्रयोगशाळेत लसणातही हा गुण आढळला आहे. हे वाचून कोणी जखमेवर लसूण ठेचून बांधू नये. कच्च्या लसणाने कातडी भाजते.

पटकीच्या जंतूची तऱ्हा तर उलटीच. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या बॉनी बॅसलर यांच्या प्रयोगशाळेत दिसले की हा जंतू थोडा असतानाच विष बनवतो आणि दाटी झाली की थांबतो. इथे निरोप अडवणे घातक, उलट तो जास्त द्यायला हवा. म्हणजे एकच गोळी सगळ्यांना चालायची नाही. आधी जंतू कोणता हे कळले पाहिजे.

अशा कामासाठी म्हणून बनवलेले औषध अजून मेडिकलमध्ये मिळत नाही. जंतू ओळखण्याची तपासणी मात्र आजही होते. अब्बांच्या पायाची जखम भरत नसेल तर गोळी बदलून मागण्याआधी, पू कल्चरला पाठवायचा का, हे डॉक्टरांना विचारावे.