जुन्या मोटारीला इंजेक्शन बसविताना : आधी वायरिंग पाहा



गळीत हंगामात गाडी दाराशी तयार उभी पाहिजे. रात्री-अपरात्री फडावर जावे लागते, एखादे वेळी दवाखानाही गाठावा लागतो. आपल्यापैकी अनेकांकडे अजून कार्बुरेटरची जुनी पेट्रोल मोटार किंवा जिप्सी आहे. बॉडी ठणठणीत आणि इंजिन चांगले असल्यामुळे ती मोडीत घालायला मन होत नाही. अशा गाडीला पुढच्या मॉडेलचे इंजेक्शन बसवावे, असा विचार बरेच जण बोलून दाखवितात. मारुती जिप्सीचे १३०० सी.सी. इंजिन आधी कार्बुरेटरचे आणि पुढे इंजेक्शनचे निघाले, त्यामुळे सामान मिळते आणि मिस्त्रीही तयार होतो.

या विचारामागे आपल्याच उसाचा संबंध आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्राथमिक प्रयोग २००१ साली सुरू झाले, त्यात आपल्या महाराष्ट्रातील मिरज आणि मनमाड ही ठिकाणे होती. पुढे २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रण आले आणि २०२५ साली ते वीस टक्क्यांपर्यंत पोचले. आता एक किलो पेट्रोल जळायला १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलोच लागते. म्हणजे तेवढ्याच हवेला इथेनॉल-मिश्रित इंधन जास्त द्यावे लागते. कार्बुरेटरच्या जेटचे भोक ठरलेले, ते आपणहून मोठे होत नाही. इंजेक्शनमध्ये सायलेन्सरच्या पाईपातील ऑक्सिजन सेन्सर धूर तपासून खबर देतो आणि ईसीएम म्हणजे गाडीचा मेंदू त्याप्रमाणे इंधन कमी-जास्त करतो. तेव्हा कल्पना चांगली आहे. गाडे अडते ते वायरिंगपाशी.

मागल्या हंगामात एका सभासदाची अशीच गाडी आम्ही पाहिली. दिवसा झकास पळे, पण रात्री हेडलाईट लावले की चढावर गचके खाई. मिस्त्री म्हणाला, "सेन्सर गेलाय, बदलावा लागंल." दोन सेन्सर बदलून झाले, पैसे गेले, गचके तसेच. शेवटी मीटर लावून पाहिले. बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि पेट्रोल पंपापाशी जेमतेम ११. जुन्या चावीच्या स्विचमधून लाईट, पंप आणि ईसीएम सगळ्यांना एकाच वायरने करंट दिला होता. नदीवरच्या एका मोटारीवर चार वावरे भिजवायला घेतली, तर टोकाच्या वावराला करंगळीएवढी धार येते, तसाच हा प्रकार.

कार्बुरेटरच्या गाडीला इंजिनपुरते पाहिले तर कॉइलला करंट मिळाला की पुरे. तिचा पंप इंजिनच चालविते. इंजेक्शनचा पंप विजेवर चालतो आणि साधारण अडीच ते तीन बार प्रेशर देतो. त्याला पाच-सहा अँपिअर लागतात. जुन्या वायरीत आणि झिजलेल्या स्विचमध्ये अर्धा ओहम जरी अडथळा असला, तरी पाच अँपिअरला अडीच व्होल्ट वाटेतच जातात. म्हणून पंपाचा आणि ईसीएमचा करंट बॅटरीवरून स्वतंत्र जाड वायरीने आणावा, बॅटरीजवळच फ्यूज घालावा आणि मध्ये रिले बसवावा. रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. ३० ला बॅटरीची वायर, ८७ वरून पंपाला, आणि ८५-८६ ही आतल्या कॉइलची दोन टोके. जुन्या स्विचवर फक्त कॉइलचा किरकोळ भार येतो. त्या सभासदाच्या गाडीला एवढेच केले आणि गचके थांबले.

पण त्याच गाडीत एक भयंकर गोष्ट सापडली. पंप थेट चावीवर जोडला होता. चावी चालू केली की पंप चालू, इंजिन फिरो वा न फिरो. मालक म्हणाले, "अहो, पंप चालतोय न्हवं, मग झालं की!" नाही, झाले नाही. गाडी उलटली, पाईप तुटला आणि इंजिन बंद पडले, तरी हा पंप प्रेशरने पेट्रोल ओततच राहणार. एक ठिणगी पुरते. पाचटाच्या फडाशेजारी काय होईल, ते सांगायला नको. मूळ रचनेत चावी लावल्यावर ईसीएम पंप दोनेक सेकंद चालवितो आणि त्यानंतर इंजिन फिरत असल्याची खूण क्रँक किंवा कॅम सेन्सरकडून येत असेल तरच चालू ठेवतो. म्हणून पंपाच्या रिलेची कॉइल ईसीएमच्याच ताब्यात पाहिजे. ही वायर कोणी "भानगड नको" म्हणून तोडू पाहील, तर तोडू देऊ नये.

दुसरी गोष्ट चावीची. काही जुन्या गाड्यांत स्टार्टर मारताना चावीच्या एका वायरीचा करंट तुटतो. ईसीएम त्या वायरीवर जोडला तर स्टार्टर फिरतो, पण इंजिन लागत नाही. चावी 'ऑन' आणि 'स्टार्ट' दोन्ही जागी असताना करंट देणारी वायर मीटरने शोधून मगच जोड द्यावा.

तिसरी गोष्ट अर्थची. बिघाड निम्मे इथलेच, असे जुने वायरमन सांगतात, ते खोटे नाही. इंजिनपासून बॅटरीपर्यंत आणि बॉडीपर्यंत जाड अर्थ पाहिजे आणि त्याखालचा रंग व गंज खरवडलेला पाहिजे. सेन्सरची अर्थ वायर मात्र बॉडीला लावू नये, ती परत ईसीएमकडेच न्यावी, नाहीतर सेन्सरचे माप चुकते. क्रँक सेन्सरची जाळीदार वायर प्लगच्या वायरींपासून लांब ठेवावी आणि जाळी एकाच टोकाला अर्थ करावी.

इंजेक्टर वेगळ्या गाडीचे घेतले असतील तर त्यांचा ओहम मोजावा. १२ ते १६ ओहमचे बहुतेक ईसीएमना चालतात. दोन-तीन ओहमचे जोडले तर जादा करंट ओढून ईसीएम जळू शकतो. जोड पिळून टेप गुंडाळू नये. योग्य मापाचे टर्मिनल दाबून त्यावर उष्णतेने आवळणारी नळी घालावी. वायर सायलेन्सरपासून लांब आणि पत्र्यातून जाते तिथे रबरी बुच घालून न्यावी. उंदरांचा बंदोबस्तही करावा, आपल्याकडे ते आहेतच.

काम झाल्यावरही काही जुन्या सवयी सोडाव्या लागतील. चालू इंजिनवर बॅटरीचे टर्मिनल काढून डायनामो तपासण्याची पद्धत इंजेक्शनच्या गाडीला चालत नाही, उसळलेल्या व्होल्टेजने ईसीएम जाऊ शकतो. चोवीस व्होल्टच्या ट्रकवरून जंप देऊ नये, बारा व्होल्टचा ट्रॅक्टर चालेल. गाडीला हूक किंवा पत्रा वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी आणि ईसीएमचा सॉकेट सोडवून ठेवावा. पेट्रोलचे रबरी पाईप जादा प्रेशरचे आणि इथेनॉलला टिकणारे घ्यावेत, जुने ठेवू नयेत.

कागदपत्रेही विसरू नयेत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतील बदलांचे नियम आहेत. इंजिन बदलणार असाल किंवा मूळ रचनेत फेरफार करणार असाल, तर हात घालण्यापूर्वी आर.टी.ओ. कार्यालयात विचारून लेखी परवानगी घ्यावी आणि विमा कंपनीला कळवावे. अपघातानंतर कागद शोधण्यात अर्थ नाही.

शेवटी एक साधी परीक्षा सांगतो. काम पुरे झाल्यावर मिस्त्रीसमोर इंजिन न लावता नुसती चावी चालू करा आणि टाकीकडे कान द्या. पंप दोन-तीन सेकंद घरघरून थांबला पाहिजे. मग इंजिन लावा, हेडलाईट लावा आणि पंपापाशी मीटर धरा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टाहून जास्त फरक दिसला तर पैसे देण्याची घाई करू नका. आणि चावी लावल्यावर पंप थांबतच नसेल, तर गाडी जागची हलवू नका. वायरीचे चार पैसे वाचवून जिवाचा सौदा करणे कोणालाच परवडणार नाही.