विश्लेषण : डोळ्याला पाते लागले, तर एवढी घाई कशाला? बुबुळाचा संसर्ग का ठरतो गंभीर?

उसाची तोडणी, सोयाबीनची काढणी, भाताची झोडणी. या दिवसांत डोळ्याला पाते लागणे किंवा कुसळ जाणे नवे नाही. पाणी मारून काम सुरू राहते आणि संध्याकाळी औषधाच्या दुकानातून ‘लाल डोळ्याचे ड्रॉप’ आणले जातात. अनेकदा डोळा आपोआप बराही होतो. मात्र काहींच्या बुबुळावर आठवडाभरात पांढरा ठिपका दिसू लागतो आणि नजर धोक्यात येते. भारतात पन्नाशीच्या आतील अंधत्वामागे बुबुळ पांढरे पडणे, म्हणजेच ‘फूल पडणे’, हे एक प्रमुख कारण आहे. त्यातील बराचसा भाग वेळीच उपचार झाल्यास टळू शकतो.

बुबुळाला संसर्ग कसा होतो?

डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. हा कॉर्निया, बोलीभाषेत बुबुळ. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच तो पारदर्शक राहतो. पण त्यामुळेच जंतूंशी लढणाऱ्या रक्तपेशी तिथे उशिरा पोहोचतात. बुबुळाचा वरचा थर शाबूत असेपर्यंत बहुतेक जंतू आत शिरू शकत नाहीत. पाते, काडी, मातीचा कण किंवा मळणीयंत्रातून उडालेला भुसा यांनी तो थर खरचटला की वाट मोकळी होते. जंतू वाढतात, बुबुळाचा भाग कुजू लागतो आणि तिथे व्रण तयार होतो. यालाच ‘कॉर्नियल अल्सर’ म्हणतात.

शेतातील इजेत बुरशीचा धोका जास्त का?

झाडपाला आणि मातीत फ्युजेरियम, अ‍ॅस्परजिलस यांसारख्या बुरशी असतात. पाते लागते तेव्हा त्यांचे बीजाणू थेट जखमेत जातात. जिवाणूंचा संसर्ग एक-दोन दिवसांतच तीव्र होतो, त्यामुळे रुग्ण घाबरून डॉक्टरांकडे जातो. बुरशी मात्र सावकाश पसरते. सुरुवातीला दुखणे सहन होण्याइतके असते आणि ‘दोन दिवस बघू’ म्हणता म्हणता आठवडा जातो. शहरांत वेगळे कारण आढळते. कॉन्टॅक्ट लेन्स लावून झोपणे किंवा ती नळाच्या पाण्याने धुणे यातून जिवाणूंचा, तसेच अकांथअमिबा या चिवट सूक्ष्मजीवाचा संसर्ग होऊ शकतो.

‘डोळे आले’ आणि हा संसर्ग यांत फरक काय?

२०२३च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ पसरली होती, तेव्हापासून लाल डोळा दिसला की ‘डोळे आले’ असे गृहीत धरले जाते. डोळे येतात तेव्हा ते चिकटतात, खुपतात, चिपडे येतात. अनेकदा दोन्ही डोळ्यांना त्रास होतो, पण नजर सहसा स्वच्छ राहते. बुबुळाच्या संसर्गात बहुधा एकच डोळा लाल होतो. दुखणे वाढत जाते, उजेड सहन होत नाही, सतत पाणी येते, धूसर दिसते. काळ्या भागावर पांढरा किंवा राखाडी ठिपका दिसला, तर तो धोक्याचा इशारा समजावा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळा अचानक दुखू लागला आणि नजर कमी झाली, तर डोळ्याच्या आत संसर्ग झालेला असू शकतो. तेव्हाही त्याच दिवशी शस्त्रक्रिया केलेल्या ठिकाणी जावे.

दुकानातून आणलेले ड्रॉप का नकोत?

अनेक ड्रॉपमध्ये डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोनसारखे स्टेरॉइड असते. ते घातल्यावर लाली आणि दुखणे कमी होते, त्यामुळे रुग्णाला बरे वाटते. पण स्टेरॉइड डोळ्याची प्रतिकारशक्ती दाबते आणि बुरशीला रान मोकळे मिळते. खरे तर ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. एरंडेल, मध, तूप किंवा अंगावरचे दूध डोळ्यात घालणे, पदराच्या टोकाने किंवा जिभेने कण काढणे यांमुळेही जखम वाढते आणि नवे जंतू आत जातात.

उशीर किती महागात पडतो?

नेपाळमधील भक्तपूर येथील अभ्यास याबाबत महत्त्वाचा मानला जातो. त्याचे निष्कर्ष २००१मध्ये प्रसिद्ध झाले. बुबुळ खरचटलेल्या ४४२ जणांना तीन दिवस प्रतिजैविक मलम देण्यात आले. इजेनंतर १८ तासांच्या आत उपचार सुरू झालेल्या २८४ जणांपैकी एकालाही व्रण झाला नाही. २४ ते ४८ तासांनी आलेल्या ४९ जणांपैकी मात्र १४ जणांना तो झाला. म्हणजे पाते लागल्यानंतरचा पहिला दिवसच निर्णायक असतो.

निदान आणि उपचार कसे होतात?

नेत्रतज्ज्ञ विशिष्ट रंगाचा थेंब टाकून, स्लिट लॅम्पखाली जखम पाहतात. नंतर डोळा बधिर करून व्रणाचा अगदी थोडा भाग खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. बुरशी आहे की जिवाणू, याचा प्राथमिक अंदाज अनेकदा त्याच दिवशी येतो. औषध त्यावरच ठरते, म्हणून ही तपासणी टाळू नये. बुरशीसाठी नॅटामायसिनचे थेंब सुरुवातीला दर तासाला घालावे लागतात आणि उपचार अनेक आठवडे चालतात. दक्षिण भारतातील अरविंद नेत्र रुग्णालयांत ३२३ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नव्या व्होरिकोनॅझोलपेक्षा हे जुने औषधच सरस ठरले. विशेषतः फ्युजेरियमच्या संसर्गात हा फरक ठळक होता. औषधांनी आटोक्यात न आल्यास किंवा बुबुळाला छिद्र पडल्यास नेत्रदानातून मिळालेले बुबुळ बसवावे लागते. व्रण भरून मागे दाट फूल राहिले, तरी नजरेसाठी अनेकदा बुबुळरोपण हाच पर्याय उरतो.

इजा झाल्यावर काय करावे?

• डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने हलकेच धुवावा. रुतलेला कण स्वतः काढू नये.
• घट्ट पट्टी बांधू नये. उरलेले जुने किंवा दुसऱ्याचे ड्रॉप घालू नयेत.
• त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. जवळ कोणी नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. काय लागले आणि कोणते औषध घातले, हे जरूर सांगावे.
• मधुमेह असल्यास तोही सांगावा. अशा रुग्णांत संसर्ग लवकर बळावू शकतो.
• बरे वाटले तरी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय औषध बंद करू नये.

तोडणी-मळणीच्या वेळी साधा पारदर्शक गॉगल घातला, तर यातील अनेक इजा होणारच नाहीत. एक दिवसाची मजुरी बुडेल म्हणून दवाखाना पुढे ढकलला जातो, हे वास्तव आहे. पण व्रण खोल गेला, तर कित्येक आठवड्यांची मजुरी बुडते आणि कधी कधी डोळाही जातो.