दुसऱ्याच्या वर्गात बसून : प्रारंभिक वाचनाचा मागोवा

आपल्या प्राथमिक शाळेत बाहेरचा माणूस येऊन बसण्याचा शिरस्ता जुना आहे. परंतु तो माणूस बहुधा तपासणीसाठीच आलेला असे. दिपोटी येणार म्हणून शाळा सारवली जाई, ठरलेला धडा ठरलेल्या मुलाकडून वाचून घेतला जाई, आणि साहेबांचा शेरा एकदा उमटला की तो दफ्तरात निवांत पडून राही. शिक्षकाने शिक्षकाच्या वर्गात, कोणताही हुकूम वा अधिकार हाती न घेता, केवळ शिकण्याच्या इच्छेने जाऊन बसावे, ही परंपरा या तपासणीच्या शेजारून क्षीणपणे का होईना, पण वाहत आलेली आहे. आणि लहान मुलांस वाचावयास शिकविण्याच्या आपल्या रीतीत जे टिकाऊ बदल झाले, ते मुख्यतः याच परंपरेने घडविले, अशी माझी धारणा आहे.

जोतीराव फुले यांनी अहमदनगरास मिस फरार यांची मुलींची शाळा प्रत्यक्ष पाहिली आणि १८४८ साली पुण्यात आपली शाळा काढली, हे सर्वश्रुत आहे. त्यानंतर पाऊणशे वर्षांनी, १९२३ साली, ताराबाई मोडक राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयातील प्राचार्यपद सोडून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात दाखल झाल्या. अध्यापनशास्त्राच्या ग्रंथांची त्यांना वाण नव्हती. तरीही पद सोडून दुसऱ्याच्या बालमंदिरात राहावे असे त्यांना वाटले, यातच ग्रंथाची मर्यादा दिसते. खरखरीत कागदाच्या अक्षरावरून मुलाने बोट फिरवावे आणि त्याच वेळी त्याचा ध्वनी उच्चारावा, एवढे पुस्तकात लिहिता येते. पण मूल अडखळल्यावर शिक्षकाने किती वेळ मौन पाळावे, आणि कोणत्या क्षणी मदतीचा शब्द उच्चारावा, हे पाहिल्यावाचून कळत नाही. १९२६ साली स्थापन झालेला नूतन बाल शिक्षण संघ, १९४५ पासूनचे बोर्डीचे काम, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी अनुताई वाघ यांच्या साहाय्याने उभी राहिलेली संस्था, या सर्वांच्या मुळाशी ते सहवासातले शिक्षण होते. अनुताईही ताराबाईंजवळ राहूनच घडल्या.

फलटणची हकीकत निराळी, तरी याच कुळातली. तेथील बोलीचा भाषाशास्त्रीय अभ्यास करण्यास अमेरिकेहून आलेल्या मॅक्सीन बर्नसन तेथेच स्थायिक झाल्या, भारताच्या नागरिक झाल्या, आणि शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या मुलांकडे त्यांचे लक्ष वेधले गेले. संपूर्ण वर्णमाला आणि संपूर्ण बाराखडी संपेपर्यंत वाचन लांबणीवर टाकण्याऐवजी थोडी अक्षरे व काना एवढ्याच भांडवलावर अर्थपूर्ण शब्द मुलाच्या हाती द्यावेत, हा विचार त्या कामातून अनेक शिक्षकांपर्यंत गेला.

दुसऱ्याच्या वर्गात मागच्या रांगेत, मुलांच्याच बरोबरीने जमिनीवर बसलेल्या शिक्षकाला नेमके काय दिसते, याचा थोडा विस्तार करणे मला अगत्याचे वाटते, कारण साऱ्या प्रश्नाचे मर्म तेथे आहे. फळ्यापाशी उभ्या असलेल्या शिक्षकाला वर्गाचा एकमुखी आवाज ऐकू येतो. मागे बसलेल्याला मात्र असे दिसते की एका मुलीचे तोंड बरोबर चालले आहे आणि तिचे बोट वरच्या ओळीवर आहे, म्हणजे धडा तिला मुखोद्गत आहे, वाचता येत नाही. दुसरा एखादा मुलगा 'क', 'म', 'ळ' अशी तिन्ही अक्षरे अचूक ओळखतो, प्रत्येक अकारासह ठणठणीत उच्चारतो, पण अखेरच्या 'ळ'मधला अकार बोलताना गळून पडतो हे कोणी दाखवून न दिल्याने त्याला त्यात ओळखीचे कमळ ऐकू येत नाही. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि जिभेला नंतर उच्चारावी लागते. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत एका रेघेचा किंवा गाठीचा फरक असतो. रफार ज्या अक्षरावर बसतो त्याच्या आधी उच्चारला जातो. अनुभवी शिक्षकाला या अडचणी स्वतःच्या वर्गात दिसत नाहीत असे नाही. पण शिकविण्याचे ओझे डोक्यावर असताना त्या न्याहाळण्याची सवड त्याला मिळत नाही, आणि ती सवड परक्या वर्गात आपसूक मिळते.

या परंपरेला सर्वांत मोठे भरते आले ते सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या जिल्हा परिषद शाळांतील शिक्षकांनी ज्ञानरचनावादाच्या आधारे पहिली-दुसरीचे वर्ग पालटले. मुले ओळीतून उठून गोलात बसली, फरशीवर शब्द आणि चित्रे आली, खडे, काड्या व अक्षरकार्डे हातात आली. राज्याच्या कानाकोपऱ्यांतून शिक्षकांचे जथे ते वर्ग पाहण्यास लोटले, आणि २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम जाहीर झाला. सरकारी शाळेतला शिक्षक दुसऱ्या सरकारी शाळेत गुरू शोधण्यास निघतो, हे दृश्य मला अत्यंत आदरणीय वाटते. तथापि पाहुण्यांनी परत नेले त्यातला रंग लवकर पसरला आणि रीत मागे राहिली. फरशीची छायाचित्रे घेणे सोपे होते. शब्दचक्रातून मूल स्वतःचे वाक्य रचीत असताना शेजारी बसलेली शिक्षिका काय बोलली आणि काय बोलली नाही, याची टिपणे घेण्यास अख्खा दिवस एका मुलाजवळ बसावे लागते, आणि गर्दीच्या भेटीत तेवढा निवांतपणा क्वचितच लाभतो.

म्हणून पुढच्या काळासाठी मला दूरच्या यात्रेपेक्षा शेजारच्या गावची शाळा अधिक उपयुक्त वाटते. केंद्राच्या शिक्षण परिषदेत होणारा आदर्श पाठ तयार केलेला असतो. साध्या मंगळवारचा, तयारीविना चाललेला वाचनाचा तास पाहावयास हवा, आणि पाहणाऱ्याने शिक्षकाविषयी शेरा न लिहिता दोन-तीन मुलांच्या वाचनाविषयीच टिपण करावे. यातली खरी अडचण मनुष्यबळाची आहे. द्विशिक्षकी शाळेतील एकाने दिवसभर परगावी जायचे तर पहिलीपासूनचे सर्व वर्ग उरलेल्या एकट्यावर पडतात, आणि मस्टरवर ती गैरहजेरी कोणत्या सदरात दाखवावी याचाही घोळ होतो. केंद्रप्रमुखाने त्या दिवशी स्वतः जाऊन त्या शाळेतील पहिलीचा वर्ग सांभाळावा, आणि भेटीचा दिवस कर्तव्यावरील दिवस म्हणून नोंदविला जावा.